झाडू कुणाच्या हातात, बाई?

बाई, मीटिंग झाली. काय ठरलं ते लगेच सांगणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी माझं बोलणं अर्ध्यात तोडून तुम्ही म्हणालात, ‘सोमवारी बघू,’ आणि पिशवी खांद्याला लावून चालू लागलात. शनिवारी पहाटे तुमच्या छातीत दुखायला लागलं. नगरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझं वाक्य अजून माझ्या तोंडातच आहे. तेव्हा आता जरा तुम्ही थांबा, मी माझ्या पद्धतीनं सांगते.

सोमवारी मीटिंगऐवजी तुमची शोकसभा झाली. हेडसर तुम्हाला ‘मितभाषी’ म्हणाले. मितभाषी! मला हसू आवरेना, म्हणून मी रुमाल तोंडाला लावला आणि सगळ्यांना वाटलं मी रडतेय. मग खरंच रडले. मलाही दोन शब्द बोला म्हणाले होते. मी नको म्हटलं. उभी राहिले असते तर तुमच्याशी भांडायलाच सुरुवात केली असती, आणि हार घातलेल्या फोटोशी भांडणारी बाई बघून सगळ्यांची चांगलीच करमणूक झाली असती.

तुम्ही पहिलीच्या साळवे बाई, तीस वर्षांच्या जुन्या. मी शेजारच्या बालवर्गाची, कालपरवाची. मीटिंग माझा तो वर्ग बंद करायचा की नाही, यावर होती. आणि तुमच्याशिवाय तिथं माझ्या बाजूनं बोलेल असं कुणी नव्हतं. तुम्हीसुद्धा सगळ्यासाठी बोलणार नव्हतात.

संस्थेनं फाटकावर ‘मॉन्टेसरी’ असा बोर्ड लावला तो दिवस आठवतो? इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या पाथर्डीहून येऊन तिसगावातली पोरं उचलून नेत होत्या, त्यावर हा उतारा. त्यांना वाटलं, बोर्ड बदलला की काम झालं. मी नेवाशाची, पुण्याला शिकून आलेली, तोंडाची फटकळ. मी तो बोर्ड खराच धरला. बाकं उचलून व्हरांड्यात टाकली, जमिनीवर चटया अंथरल्या, सुताराकडून गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा करून घेतला. भिंतीला बुटक्या फळ्या ठोकल्या आणि मुलांच्या हाताला येतील अशा वस्तू मांडल्या. पाणी ओतायचे छोटे तांबे, मणी, खरखरीत पॉलिश पेपरची कापलेली अक्षरं, आणि कोपऱ्यात एक बुटका झाडू.

तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. सगळीकडे एकदा नजर फिरवलीत आणि म्हणालात, ‘पुण्याच्या मॅडम, भातुकली छान मांडलीय. शाळा कधी भरणार?’

‘भरलीय,’ मी म्हणाले. ‘फक्त ओरडत नाहीये.’

कारण आपल्या दोन वर्गांमध्ये नुसती पत्र्याची भिंत, आणि तुमच्याकडे सकाळपासून बेचा पाढा पत्रा वाजेल इतका जोरात. माझी मुलं मणी ओवता ओवता तुमचे पाढे पाठ म्हणायला लागली, तेव्हा तुम्ही भिंतीवर टिचकी मारून विचारलंत, ‘यातलं शिक्षण नक्की कोणतं?’ मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला त्याचा पत्ताच नव्हता, हे त्याहून वाईट.

आणि तरी माझी अक्षरं चोरणाऱ्या पहिल्या तुम्हीच. तुमच्या वर्गातल्या एका मुलाला काही केल्या ‘क’ वळत नव्हता. तुम्ही त्याच्या डोळ्यांवर तुमचा रुमाल बांधलात, माझा पॉलिश पेपरचा ‘क’ त्याच्या बोटाखाली दिलात आणि पुन्हा पुन्हा गिरवायला लावलात. रुमाल काढून त्यानं पाटीवर काढला तेव्हा तुमचा आवाज भिंतीपलीकडे मला ऐकू आला. ओरडत नव्हतात, हसत होतात. मधल्या सुट्टीत माझ्यापुढे चहाचा कप आदळलात. ‘अक्षरं चोरली न्हाईत, वापरली. आन् पाढे मी ओरडूनच घेनार.’ वर्गात तुमचं मराठी पुस्तकातल्यासारखं असायचं. माझ्याशी बोलताना ते तिसगावचं व्हायचं, आणि तसं झालं की मला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटायचं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. भांडणाला सवडच भरपूर होती, या गोष्टीला मिळाली नाही.

मग झाडू आला मध्ये.

जमिनीवर खडूनं चौकोन काढायचा, कागदाचे कपटे पसरायचे, ते झाडूनं चौकोनात गोळा करायचे आणि सुपलीत भरायचे. हाताला वळण लागतं, नजर बसते, आपली जागा आपण नीट ठेवली याचा मुलाला अभिमान वाटतो. मला प्रशिक्षणात हे शिकवलं होतं आणि मला ते मनापासून पटलं होतं. अजून पटतं. चार वर्षांची आर्या ते इतकं देखणं करायची की मी बाकीची कामं सोडून बघत बसायची.

तिचा बाप आला. किरण, गावातला वायरमन. खांबावरून उतरून थेट आलेला, कमरेचा पट्टाही तसाच.

‘मॅडम, माझ्या पोरीच्या हातात झाडू कुनी दिला?’

‘कुणी दिला नाही. इथं मुलं आपलं काम आपण निवडतात. तिनं निवडला.’

‘चार वर्साची पोर निवडती व्हय?’ त्याचा आवाज चढला. ‘आन् मी हितं कशाला पाठवली तिला? झाडायला?’

मुलं घाबरून माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात तुम्ही आलात. किरण तुमचाच जुना विद्यार्थी. ‘किरन, भायेर चल,’ एवढंच म्हणालात, आणि तो गडी तुमच्या मागून मुकाट बाहेर गेला. तुम्ही एकट्याच परत आलात, दार लोटलंत आणि मला म्हणालात, ‘झाडू काढ तितून.’

मी तुम्हाला अख्खं शास्त्र ऐकवलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग विचारलंत, ‘नेवाशाला तुमच्या घरी झाडून कोन काढतं?’

‘एक मावशी येतात.’

‘मंग तुला झाडू म्हंजी खेळ वाटनारच. दुसऱ्याच्या हातात बघितलाय तू तो.’ तुमचा आवाज मुळीच चढला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. ‘आमच्या आज्यानं गावाची चावडी झाडली. त्याच्या बापानंबी तेच केलं. छप्पन साली धम्म घेतला तवा आज्यानं झाडू खाली ठिवला तो ठिवलाच. आन् तू त्येच्या खापरपंतीला शाळंत बोलावून पुन्हा हातात देतीस, वर म्हनतीस तिनं निवडला.’

आर्या तुमच्या भावाची नात आहे, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षं रोज भांडत होतो आणि एवढी साधी गोष्ट कुणी मला सांगितली नव्हती.

पण मी हटले नाही. मी म्हणाले, ‘म्हणूनच झाडू हवा. सगळ्यांच्या हातात गेला की त्याचं ते वजन जाईल. ज्यांनी कधी धरला नाही त्यांनी धरला की जाईल.’

‘धरतील का?’ तुम्ही विचारलंत. आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्या मोकळ्या तासाला माझ्या वर्गात कोपऱ्यात येऊन बसायला लागलात, मांडीवर हात ठेवून. मला वाटलं, पाळत ठेवताय. पाळतच होती ती. आठवडा संपला तेव्हा तुम्ही मला झाडू घेणाऱ्या मुलांची नावं सांगितलीत. सगळी गावकुसाबाहेरच्या दोन आळ्यांतली. बाकीची झाडूच्या बाजूला फिरकत नव्हती. ‘संस्थेच्या तात्यांचा नातू बघ. सोराज. त्येला लई मन हाय. हात पुढं करतो आन् मागं घेतो. त्येला घरून सांगितलंय. तुझ्या खोलीत पोरं येत्यात ती आपापलं घर संगट घिऊनच येत्यात. निवडतंय कोन मंग?’

हरायला लागले की मी काय करते तुम्हाला माहीत आहे. मी पाळी लावली. रोज एकाची, कुणाला सूट नाही. माझ्या प्रशिक्षणात हे बसत नाही. तिथं मुलावर काम लादणं म्हणजे पापच. पण मला झाडू काढायचा नव्हता आणि तुमचं म्हणणं खोटं पाडता येत नव्हतं, मग मधला रस्ता हाच. तुम्ही फक्त ‘आता बघ’ म्हणालात. तुमचं ते ‘आता बघ’ मला सापासारखं वाटायचं.

तात्यांच्या स्वराजची पाळी आली. पोरगं इतकं खुलून झाडत होतं की चौकोन झाल्यावर त्यानं व्हरांडाही झाडला. घरी गेला आणि ओट्यावर तात्यांकडे आलेल्या पाहुण्यांच्या पायांखालून झाडत सुटला. ‘पाय वर घ्या’ म्हणाला सगळ्यांना. मी हे ऐकून हसले. तुम्ही हसला नाहीत. तात्या आपल्या संस्थेचे संचालक, आणि पाहुण्यांसमोर त्यांची लाज गेली होती. संध्याकाळी हेडसरांना फोन आला, ‘नातवाला झाडूवाला करायला पाठवलाय का मी? ती खोली बंद करा, बाकं आत घ्या.’

शुक्रवारी फाटकाशी आपलं शेवटचं भांडण झालं, ते यावर. तुम्ही म्हणालात, ‘खोली वाचव, झाडू सोड. तात्यांना तेवढंच पायजे. मी सोमवारी येते, तुझ्या चटया, तुझी अक्षरं, तुझे तांबे, सगळ्यासाठी बोलते. झाडवासाठी माझं तोंड उघडनार न्हाई.’

मी म्हणाले, ‘तुम्ही आणि तात्या एकाच बाजूला?’

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण मी बोलत राहिले. मी म्हणत होते, आज तात्यांसाठी झाडू सोडला तर उद्या ते म्हणतील माझ्या नातवाला याच्याशेजारी बसवू नका, त्याच्या हातचं पाणी देऊ नका, आणि तेव्हा... तिथंच तुम्ही तोडलंत. ‘सोमवारी बघू.’

बाई, राग होता का तो? की दम लागला होता? तुमचा हात पिशवीच्या पट्ट्यावर होता की छातीवर, हे मी किती वेळा आठवून बघते. मला आठवत नाही. मी भांडत होते, मी तुमच्या तोंडाकडे बघत होते.

तर मीटिंग. गुरुवारी, हेडसरांच्या खोलीत. पालक दारापर्यंत उभे. तात्या पंख्याखाली बसले होते. मी ठरवून गेले होते की शांत राहायचं. तात्यांनी सुरुवातच तुमच्यापासून केली. ‘आमचं काय मॅडमशी वैर न्हाई. पन गेलेल्या साळवे बाईसुद्धा या झाडवाच्या विरोधात हुत्या. आख्ख्या शाळंला म्हाईत हाय. हेडसर, खरं का खोटं?’

हेडसरांनी मान हलवली. खरं होतं.

तुम्ही जाऊन आठवडा झाला नव्हता, आणि तुमचा शब्द तात्यांच्या हातात होता. मला संताप आला. खोटं बोलता येत नव्हतं, तुम्ही विरोधात होतातच. गप्प बसले तर तात्या आणि तुम्ही एकच ठरत होतात, आणि ते मला मेले तरी होऊ द्यायचं नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, ‘बाई विरोधात होत्या. पण तुमचं कारण आणि त्यांचं कारण एक नाही.’ पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. मी, फटकळ! मितभाषी झाले तुमच्यासारखी.

तेव्हा दारातून किरण पुढे आला. मला वाटलं, आता हाही माझ्यावर घसरणार.

‘तात्या,’ तो म्हणाला, ‘एक इचारू? माझी पोर झाडत हुती, तवा मी आलो, भांडलो. हेडसर हितंच हुते. तवा कुनी मीटिंग न्हाई बोलावली. तवा खोली बंद करा म्हनून फोन आला न्हाई. तुमचा सोराज एक दिस झाडला, तर आख्खी संस्था गोळा झाली.’

हेडसरांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

‘बाई विरोधात हुत्या त्या याच्यासाठी हुत्या,’ तो म्हणाला. ‘त्यांचं नाव तुमी घिऊ नका.’

तात्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि त्यातच बघत राहिले. तात्यांची सून, स्वराजची आई, दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, ‘सोराजला बाकावर बसवलं तर तो यायचा न्हाई शाळंला, मामंजी.’ बस्स. एवढंच. हेडसरांनी घसा खाकरून सांगितलं की खोली चालू राहील आणि झाडूचं काय ते मॅडमनी आपल्या विचारानं बघावं. म्हणजे ते लचांड पुन्हा माझ्याच गळ्यात, आणि भांडायला तुम्ही नाही.

म्हणून मी किरणला फाटकाशी गाठलं. विचारलं, ‘ठेवू की काढू?’

‘बाई काय म्हनल्या हुत्या?’

‘काढ म्हणाल्या होत्या.’

तो म्हणाला, ‘मला त्या दिशी भायेर नेऊन काय म्हनल्या, म्हाईती हाय? म्हनल्या, मॅडम येडी हाय, पन पोरीला हितून काढायची न्हाई. अशी मास्तरीन आपल्याला मिळाली न्हवती.’

बाई, तुम्ही मला तोंडावर कधी बरं म्हणाला नाहीत. दोन वर्षांत एकदा चहा आदळलात फक्त. मी तिथं फाटकाशी, त्याच्यासमोर, लहान पोरीसारखी रडले. तो बिचारा पट्ट्याचा हूक काढत-घालत उभा राहिला. मग म्हणाला, ‘ठिवा झाडू. सगळ्यांची पाळी लावा. पन माझ्या पोरीची न्हाई. वर्सभर ती झाडनार न्हाई, बाकीची झाडतील, ती बघंल. पुढच्या वर्सी तिला वाटलं तर घील, न्हाई वाटलं तर न्हाई.’

हे ना माझ्या प्रशिक्षणात बसतं, ना तुमच्या म्हणण्यात. तुम्ही म्हणाला असतात, बाकीच्यांच्या डोळ्यावर येईल. मी म्हणाले असते, मग येऊ दे ना. तुम्ही म्हणाला असतात, तिलाच वेगळं पाडतीस. इथं मी अडकले असते, कारण हे मलाही खरं वाटतं. आर्याच्या हातातला तो सुरेख झाडू मला आठवतो, आणि मी तो तिच्याकडून काढून घेतलाय. ज्या मुलीला ते काम सगळ्यात छान येतं, तिलाच मनाई. हे बरोबर आहे का, बाई? मला कळत नाही. मला यावर तुमच्याशी जोरात, पत्रा वाजेल इतक्या जोरात भांडायचं आहे. पलीकडे आता एक तात्पुरते सर आहेत. फार हळू बोलतात.

तरीही मी किरणला हो म्हटलं.

आज सकाळी पाळी स्वराजची होती. तात्यांनी त्याला पाठवलं होतं, म्हणजे अडवलं नव्हतं. तो झाडत झाडत आर्याच्या चटईपर्यंत आला. आर्यानं चटईवर मटकी आणि हुलगे एकत्र ओतले होते आणि ती एकेक दाणा वेगळा करत बसली होती.

‘सरक,’ तो म्हणाला.

‘माझं चाललंय,’ आर्या म्हणाली. वर बघितलं नाही.

मी जागेवरून उठले नाही. उठायची फार इच्छा झाली होती. स्वराजनं माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. त्यानं झाडू उभा धरला आणि तिथंच उभा राहिला. आर्यानं मटकी संपवली. मग हुलगे. दोन्ही वाट्या उचलून फळीवर ठेवून आली. एक दाणा राहिला होता तो पुन्हा येऊन उचलला. चटई गुंडाळली, कोपऱ्यात नेऊन उभी केली, आणि मग बाजूला झाली.

तेवढा सगळा वेळ तो थांबला, बाई.